सोर्सपासून सॉफ्टवेअर बांधताना: सोलापूरच्या नव्या लिनक्सवाल्यांसाठी

सोलापुरात एका गल्लीतून चालत गेलं तरी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही लिपींतल्या पाट्या दिसतात. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, जुनी छापील कागदपत्रं यांचंही तसंच आहे. अशा छापील मजकुराचा फोटो घेऊन त्यातली अक्षरं टाइप केलेल्या मजकुरात आणण्याचं काम टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर करतं, आणि या चारही भाषा त्याला येतात. हस्ताक्षराच्या वाट्याला मात्र ते जात नाही. सोर्स कोडमधून (म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ मजकुरातून) चालणारं सॉफ्टवेअर कसं बांधायचं हे शिकायला ते चांगलं उदाहरण आहे. फार मोठं नाही, पण त्यात जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात, आणि काम झाल्यावर हातात उपयोगी वस्तू उरते.

आधी एक विचारून घ्या: बांधायची खरंच गरज आहे का? उबुंटू २४.०४ मध्ये ॲप्टनेच (तयार पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेने) टेसरॅक्ट ५.३.४ मिळतं. तेवढं पुरत असेल तर तेच घ्या, त्याचे अपडेटही ॲप्टच आणतं. उबुंटू २२.०४ वर मात्र ४.१.१ वरच थांबावं लागतं, आणि पाचवी मालिका तर २०२१ मध्येच आली. नवी आवृत्ती हवी आहे, वितरकाने बंद ठेवलेली एखादी सोय चालू करायची आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये सुडोचा (म्हणजे प्रशासक म्हणून आज्ञा चालवण्याचा) अधिकार नाही, किंवा कोडमध्ये स्वतः बदल करून बघायचा आहे, यांपैकी काही असेल तर पुढे वाचा.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका. डॉलर चिन्हानंतरचे ‘होम’ आणि ‘पाथ’, तसंच ‘टेसडेटा_प्रिफिक्स’ आणि ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ हे शब्द तेवढे पूर्ण मोठ्या अक्षरांत. बिंदू, तिरकी रेघ, दोन आडव्या रेघा ही चिन्हं जशी दिसतात तशीच.

जागा आणि हत्यारं

डेबियन किंवा उबुंटूवर कंपायलर (सोर्सचा चालणारा प्रोग्रॅम करणारा), मेक (कोणत्या फाइली बांधायच्या ते ठरवणारा) आणि सोबतचं सामान एका पॅकेजात येतं:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल गिट

फेडोरावर ‘डीएनएफ’ने जीसीसी, जीसीसी-सी++ आणि मेक घ्या. मॅकवर ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ ही आज्ञा पुरते. फ्रीबीएसडीवर कंपायलर आधीच असतो, पण तिथला ‘मेक’ वेगळ्या जातीचा आहे. जीएनयूचा मेक ‘जीमेक’ या नावाने वेगळा घ्यावा लागतो, आणि पुढे जिथे ‘मेक’ लिहिलंय तिथे ‘जीमेक’ टाकायचं. विंडोजचा लॅपटॉप असेल तर डब्ल्यूएसएलमधलं (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीतलं) उबुंटू चालेल. फक्त एक लक्षात ठेवा: डब्ल्यूएसएल मशिनची साधारण निम्मी रॅमच वापरायला घेतं, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर तुमच्या हाती ४.

आता जागा. आपल्या होममध्ये दोन फोल्डर करा: सोर्स ठेवायला ‘एसआरसी’ आणि बांधलेलं सॉफ्टवेअर बसवायला ‘लोकल’. नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी चुकीच्या जागेतून येतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पेनड्राइव्हवर किंवा विंडोजच्या पार्टिशनवर सोर्स उघडू नका. फॅट आणि एक्सफॅटवर ‘ही फाइल चालवता येते’ ही खूण साठवली जात नाही, सिम्लिंकही (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) बनत नाहीत. मग कॉन्फिगर (बांधणीची पहिली पायरी, पुढे येईल) चालवलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि माणूस उगाच सुडोच्या मागे लागतो. डब्ल्यूएसएलमध्येही सी ड्राइव्हवर काम केलं तर सगळं रांगत चालतं, लिनक्सच्या होममध्येच राहा. फोल्डरच्या नावात स्पेस नको. ‘माय प्रोजेक्ट’ असं दोन शब्दांचं नाव दिसलं की लिबटूल (बांधणीतलं एक साधन) आणि मेक दोघेही अडखळतात. आणि टारची फाइल (सोर्सच्या सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) विंडोजवर उघडून मग लिनक्सवर आणू नका. ओळींच्या शेवटी विंडोजची जादा खूण चिकटली की ‘बॅड इंटरप्रीटर’ असा संदेश येतो आणि कारण डोळ्यांना दिसतच नाही.

जुना डेस्कटॉप असेल तर घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर प्रत्येक वेळी तारीख काही वर्षं मागे जाते. मेक सगळा निर्णय फाइलींच्या वेळेवरून घेतो: सोर्स ऑब्जेक्टपेक्षा (त्यातून बांधलेल्या फाइलपेक्षा) नवा असेल तर पुन्हा बांध, नाहीतर सोड. घड्याळ मागे असलं की ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ येतं, कॉन्फिगर ‘सिस्टिम क्लॉक तपासा’ म्हणून थांबतो, आणि डाउनलोड करतानाही सर्टिफिकेट अमान्य ठरतं. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हा सेल मिळतो. तो बदला, ‘डेट’ टाकून तारीख बघा, मगच पुढे जा.

आधी हॅलो

टेसरॅक्टच्या आधी जीएनयू हॅलो बांधा. हा प्रोग्रॅम एक अभिवादन छापतो, एवढंच. पण त्याची बांधणी अगदी रीतसर आहे, त्यामुळे पायऱ्या स्वच्छ दिसतात. जीएनयूच्या एफटीपी साइटवरून २.१२.१ ही आवृत्ती ‘एसआरसी’मध्ये उतरवा आणि:

टार एक्सएफ हॅलो-२.१२.१.टार.जीझेड
सीडी हॅलो-२.१२.१
./कॉन्फिगर --प्रिफिक्स=$होम/लोकल
मेक
मेक चेक
मेक इन्स्टॉल

सुरुवातीचं ./ म्हणजे ‘याच फोल्डरमधली फाइल चालव’. शेल (तुमच्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःहून चालू फोल्डरमध्ये शोधत नाही. कॉन्फिगर हा एक लांबलचक शेल स्क्रिप्ट आहे. तुमच्या मशिनवर कोणता कंपायलर आहे, कोणती लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड) आहे, कोणतं फंक्शन चालतं हे तो लहान लहान चाचण्या घेऊन तपासतो आणि त्यावरून मेकफाइल तयार करतो. स्क्रीनवर ओळीमागून ओळी जातात, त्यातल्या बऱ्याच ‘नो’वर संपतात. घाबरू नका. ‘नो’ म्हणजे फक्त उत्तर, चूक नव्हे. चूक असेल तर तो ‘एरर’ असं स्पष्ट लिहून थांबतो.

‘--प्रिफिक्स’ हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. तो दिला नाही तर सॉफ्टवेअर /यूएसआर/लोकल मध्ये बसतं, आणि त्यासाठी सुडो लागतो. दिला तर सगळं तुमच्या होममध्ये राहतं. सिस्टिमला धक्का लागत नाही, लॅबमध्येही चालतं, चुकलं तर फोल्डर उडवून पुन्हा सुरू करता येतं. शिकण्याच्या काळात दुसरा मार्ग घेऊच नये. आणि /यूएसआर/लोकल मध्ये बसवायचंच ठरवलं, तरी सुडो फक्त ‘मेक इन्स्टॉल’ला लावा. ‘सुडो मेक’ केलं की सोर्सच्या फोल्डरमध्ये रूटच्या (प्रशासकाच्या) मालकीच्या फाइली तयार होतात, आणि पुढच्या वेळी साधा मेक ‘परमिशन डिनाइड’ म्हणून अडतो.

बसवल्यावर शेलला ती जागा सांगावी लागते. होममधल्या .बॅशआरसी फाइलच्या शेवटी ही ओळ टाका (मॅकवर .झेडएसएचआरसी):

एक्सपोर्ट पाथ="$होम/लोकल/बिन:$पाथ"

इथे बरोबरच्या चिन्हाआधीचा ‘पाथ’सुद्धा मोठ्या अक्षरांत. नवं टर्मिनल उघडा आणि ‘टाइप -ए हॅलो’ टाका. त्या नावाचे जेवढे प्रोग्रॅम सापडतात ते क्रमाने दिसतात, आणि पहिला तुमच्या होममधला असला पाहिजे. ॲप्टचीही प्रत मशिनवर असते तेव्हा ही सवय फार उपयोगी पडते. नवं बांधूनही जुनीच आवृत्ती चालतेय असं वाटलं, तर बहुतेक वेळा हाच क्रम चुकलेला असतो. क्रम बरोबर असूनही जुनंच चालत असेल तर शेलने जुना पत्ता लक्षात ठेवलाय, ‘हॅश -आर’ टाका.

आता टेसरॅक्ट

टेसरॅक्टला चित्रं वाचण्यासाठी लेप्टोनिका ही लायब्ररी लागते, आणि बांधणीसाठी आणखी चार हत्यारं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ऑटोकॉन्फ ऑटोमेक लिबटूल पीकेजी-कॉन्फिग लिबलेप्टोनिका-डेव्ह

शेवटच्या नावातलं ‘डेव्ह’ महत्त्वाचं. लायब्ररी चालवायला लागणारा भाग एका पॅकेजात असतो आणि तिच्या आधारे दुसरं काही बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली (लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या) दुसऱ्या, ‘डेव्ह’वाल्या पॅकेजात. ‘लायब्ररी तर आहे, तरी कॉन्फिगर नाही म्हणतो’ या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच. फेडोरावर याच पॅकेजांच्या नावाला ‘डेव्हल’ लागतं. लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढची नसेल तर टेसरॅक्टचा कॉन्फिगर तसं सांगून थांबतो.

सोर्स गिटने (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाने) घ्या, पण सगळा इतिहास उतरवू नका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटा वाया जाईल. ‘--डेप्थ १’ने फक्त शेवटची अवस्था येते, ‘--ब्रँच ५.५.०’ने नेमकी ती आवृत्ती. गिटहबवर टेसरॅक्ट-ओसीआर या नावाखाली प्रकल्प आहे, तिथला पत्ता या दोन पर्यायांसह ‘गिट क्लोन’ला द्या. मग:

सीडी टेसरॅक्ट
./ऑटोजेन.एसएच
./कॉन्फिगर --प्रिफिक्स=$होम/लोकल
मेक -जे२
मेक इन्स्टॉल

हॅलोमध्ये नसलेली एक पायरी इथे आली. हॅलोच्या टारमध्ये कॉन्फिगर तयार होता. गिटमधून घेतलेल्या सोर्समध्ये तो नसतो, ऑटोजेन तो बनवतो. ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल यांपैकी काही नसेल तर ऑटोजेन ‘समथिंग वेंट राँग’ म्हणून बाहेर पडतो. त्याच्या वरच्या दोन-तीन ओळींत काय कमी आहे ते असतं.

कॉन्फिगरच्या शेवटी प्रशिक्षणाची साधनं बांधता येणार नाहीत असा इशारा दिसेल. नवी लिपी शिकवायची नसेल तर तो सोडून द्या. ‘मेक चेक’ही इथे टाळा, त्याच्या चाचण्यांना गिटची जादा सबमॉड्यूल (आत जोडलेले वेगळे प्रकल्प) लागतात जी आपण घेतली नाहीत.

मेक चालू असताना: रॅम, ऊन, वीज

‘-जे२’ म्हणजे एका वेळी दोन फाइली बांध. ‘एनप्रॉक’ टाकलं की मशिनवर किती धागे आहेत ते कळतं, आणि सगळे वापरावेत असा मोह होतो. पण आकडा रॅमवरून ठरवा. सी++ची एकेक मोठी फाइल बांधताना कंपायलर एक जीबीच्या आसपास रॅम खाऊ शकतो. ४ जीबी रॅम, त्यात ब्राउझर उघडा, आणि ‘-जे८’ दिलं, की मशिन गोठतं आणि थोड्या वेळाने ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’ असा संदेश येतो. ही कोडमधली चूक नाही. मेमरी संपली म्हणून कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) कंपायलरलाच मारलं. ब्राउझर बंद करा, ‘फ्री -एच’ने मोकळी रॅम बघा, आणि ‘मेक -जे१’ द्या. झालेलं काम वाया जात नाही, मेक उरलेल्या फाइलींपासून पुढे जातो.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि मेक हे प्रोसेसरला सलग पूर्ण जुंपणारं काम आहे. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. दुपारी जी बांधणी रखडते ती पहाटे त्याच मशिनवर झपाट्याने होते. लॅपटॉप चादरीवर किंवा गादीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उचलून. एलएम-सेन्सर्स हे पॅकेज घेतलं की ‘सेन्सर्स’ या आज्ञेने तापमान दिसतं. आकडा नव्वदच्या वर टिकून राहिला तर ‘-जे’ कमी करा.

वीज गेली तर? लॅपटॉपला फरक पडत नाही. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर मात्र एक बारीक घोळ होतो. कंट्रोल-सीने मेक थांबवला तर कंपायलर अर्धवट फाइल स्वतः पुसतो, पण वीज गेल्यावर त्याला ती संधी मिळत नाही. अर्धवट किंवा शून्य आकाराची ऑब्जेक्ट फाइल डिस्कवर राहते, तिची वेळ सोर्सपेक्षा नवी असते, आणि मेक तिला झालेली समजून सोडून देतो. मग अगदी शेवटी, जोडणीच्या वेळी, ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइझ्ड’ किंवा ‘फाइल ट्रंकेटेड’. शून्य आकाराच्या फाइली अशा काढता येतात:

फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ० -डिलीट

त्यानेही भागलं नाही तर ‘मेक क्लीन’ करून पुन्हा सुरुवात करा.

चूक आली तर पहिली चूक वाचा

स्क्रीनवर शेवटी जे दिसतं ते बहुधा ‘मेक: एरर २’ असतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. खरी चूक वर कुठेतरी असते. त्यातही ‘-जे’ दिलं असेल तर अनेक फाइलींचे संदेश एकमेकांत मिसळतात. म्हणून चूक आली की ‘-जे’शिवाय, नोंद ठेवत मेक पुन्हा चालवा:

मेक २>&१ | टी मेक.लॉग

आता मेक पहिल्याच चुकीवर थांबेल. त्या फाइलमध्ये ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा जिथे येतो ती ओळ धरा. ‘फेटल एरर’नंतर अमुक.एच आणि ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असेल तर एखादं ‘डेव्ह’ पॅकेज राहिलंय. कोणतं, ते ‘ॲप्ट-फाइल सर्च’ला त्या .एच फाइलचं नाव देऊन शोधा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असेल तर हेडर सापडलं पण लायब्ररी जोडली गेली नाही, किंवा हेडर एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्या. कॉन्फिगर स्वतःच अडला असेल तर ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा. त्याने घेतलेली प्रत्येक चाचणी, दिलेली आज्ञा आणि कंपायलरचं उत्तर तिथे जसंच्या तसं असतं. कुणाला मदत मागतानाही या पहिल्या चुकीच्या आगेमागे दहा-दहा ओळी, वितरणाचं नाव-आवृत्ती आणि दिलेली कॉन्फिगरची ओळ पाठवा. स्क्रीनच्या तळाचा फोटो पाठवून उत्तर मिळत नाही.

सगळ्यात फसवी चूक ती, जी बांधताना दिसतच नाही. लेप्टोनिकाही स्वतः बांधली आणि त्या वेळी पीएनजीची ‘डेव्ह’ लायब्ररी मशिनवर नव्हती, तर कॉन्फिगर अडत नाही. गुपचूप ती सोय वगळतो. सगळं नीट बांधलं जातं, आणि पहिली पीएनजी दिली की ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’. म्हणून बसवल्यावर आधी ‘टेसरॅक्ट --व्हर्जन’ टाका. लेप्टोनिकाखाली लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब ही नावं दिसली पाहिजेत. लेप्टोनिका होममध्येच बांधली असेल तर टेसरॅक्टच्या कॉन्फिगरआधी पीकेजी_कॉन्फिग_पाथ मध्ये $होम/लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग हा पत्ता द्या, नाहीतर तो ॲप्टचीच प्रत उचलेल.

/यूएसआर/लोकल मध्ये बसवणाऱ्यांना आणखी एक संदेश भेटतो: ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’. लायब्ररी बसली, पण लोडरच्या यादीत तिची नोंद नाही. ‘सुडो एलडीकॉन्फिग’ एकदा चालवलं की झालं. होममध्ये बसवलं तर लिबटूल लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवतो, म्हणून हे करावं लागत नाही. पण याचसाठी बसवलेलं ‘लोकल’ फोल्डर नंतर दुसरीकडे हलवू नका. पत्ता जुनाच राहतो.

भाषा घाला

एवढं करूनही पहिल्यांदा टेसरॅक्ट ‘कुडन्ट लोड एनी लँग्वेजेस’ म्हणेल, कारण प्रोग्रॅमसोबत भाषांचा डेटा येत नाही. गिटहबवर टेसडेटा_फास्ट आणि टेसडेटा_बेस्ट असे वेगळे साठे आहेत. फास्ट लहान आणि चपळ, बेस्ट मोठा आणि संथ. सुरुवात फास्टने करा. मराठीच्या फाइलचं नाव एम-ए-आर या तीन अक्षरांनी सुरू होतं, कन्नड के-ए-एन, तेलुगू टी-ई-एल, उर्दू यू-आर-डी, इंग्रजी ई-एन-जी. प्रत्येकापुढे ‘.ट्रेनेडडेटा’. या फाइली $होम/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये ठेवा. दुसरीकडे ठेवायच्या असतील तर त्या फोल्डरचा पत्ता टेसडेटा_प्रिफिक्स मध्ये द्या.

गिटहबवरून घेताना ‘रॉ’ किंवा डाउनलोडचं बटणच वापरा. पानावर उजवं क्लिक करून ‘सेव्ह’ केलं तर फाइलऐवजी वेबपान उतरतं, नाव तेच राहतं, आणि भाषा लोड होत नाही. ‘फाइल’ ही आज्ञा त्या फाइलवर चालवा. उत्तरात एचटीएमएल दिसलं तर पुन्हा उतरवा. मग ‘टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज’ने यादी बघा आणि:

टेसरॅक्ट पत्रिका.पीएनजी निकाल -एल मार+टेल

‘मार’ आणि ‘टेल’ म्हणजे वरचीच तीन-तीन अक्षरं, आणि ‘-एल’ मधला एल आहे, एक हा आकडा नव्हे. मराठी-तेलुगू पत्रिकेचा मजकूर निकाल.टीएक्सटी मध्ये येईल. स्कॅन ३०० डीपीआयचा ठेवा. मोबाइलचा तिरका, सावली पडलेला फोटो दिला तर जोडाक्षरं आणि वेलांट्या सगळ्यात आधी बिघडतात.

विश्वास, काढून टाकणं, पुढची आवृत्ती

कॉन्फिगर आणि मेक तुमच्या अधिकाराने चालतात, म्हणजे तुमच्या फाइलींना हात लावू शकतात. त्यामुळे सोर्स प्रकल्पाच्या मूळ जागेवरूनच घ्या, कुणाच्या ड्राइव्ह लिंकवरून नाही, आणि सही किंवा ‘एसएचए२५६’ बेरीज दिली असेल तर ताडून बघा. पण यालाही मर्यादा आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (परक्याला गुपचूप आत घेणारा कोड) सापडलं. त्याला जागं करणारा तुकडा गिटमध्ये नव्हता, फक्त प्रकाशित टारमधल्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये होता, आणि त्या टारवर देखभाल करणाऱ्याची सहीही होती. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दूरच्या मशिनमध्ये शिरण्याचं साधन) लॉगिन थोडं मंद वाटलं म्हणून त्यांनी खोदलं आणि ते उघडकीस आलं. नवी आवृत्ती आली त्याच दिवशी बांधायची घाई नको, आणि बांधणी कधीही रूट म्हणून करायची नाही, एवढं तरी नक्की पाळा.

बांधणी झाली म्हणून सोर्सचं फोल्डर पुसू नका. काढून टाकायचं झालं तर ‘मेक अनइन्स्टॉल’ तिथूनच चालतं. याहून सोपं म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळा प्रिफिक्स द्यायचा, जसं $होम/लोकल/टेसरॅक्ट-५.५.०. मग काढणं म्हणजे एक फोल्डर उडवणं, आणि जुनी-नवी आवृत्ती शेजारी ठेवता येते. फक्त त्या प्रत्येकाचं ‘बिन’ पाथमध्ये घालावं लागतं.

सगळ्या प्रकल्पांत कॉन्फिगर नसतो. सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी दिसली तर:

सीमेक -एस . -बी बिल्ड -डीसीमेक_इन्स्टॉल_प्रिफिक्स=$होम/लोकल
सीमेक --बिल्ड बिल्ड -जे२
सीमेक --इन्स्टॉल बिल्ड

इथे ‘-एस’, ‘-बी’, ‘-डी’ ही अक्षरं मोठी, आणि ‘-डी’ला चिकटून येणारं नावही मोठ्या अक्षरांत. मेसन.बिल्ड दिसली तर ‘मेसन सेटअप’ला तोच प्रिफिक्स आणि मग ‘निन्जा’. रचना तीच: तपास, बांध, बसव.

स्वतः बांधलेल्या सॉफ्टवेअरला ॲप्ट हात लावत नाही, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही तुम्हालाच आणाव्या लागतात. प्रकल्पाच्या गिटहब पानावर ‘वॉच’मध्ये फक्त रिलीज निवडा, नवी आवृत्ती आली की ईमेल येईल. चाललेल्या आज्ञा त्याच दिवशी एका शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा. पहिल्या ओळीखाली ‘सेट -ई’ टाका, म्हणजे एक पायरी फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते, आणि आवृत्तीचा आकडा वर एकदाच लिहा. पुढच्या वेळी तेवढाच बदलायचा.